होडी भरत नव्हती

आमच्या घरात कापूस माणसांपेक्षा ऐसपैस राहायचा. वेचणी संपली की ओसरीमागची मोठी खोली आबा त्याला देऊन टाकत आणि आम्ही सगळे पुढच्या दोन खोल्यांत अंग चोरून वावरत असू. भाव वाढेल म्हणून कापूस ठेवायचा आणि शेवटी घरभर खाज सुटली, माय वैतागली, की असेल त्या भावाने देऊन टाकायचा, हा दरवर्षीचा क्रम. त्या ढिगावर चढलं की डोकं पत्र्याला लागायचं. तिथे एक झरोका होता आणि अख्ख्या घरात मोबाईलला रेंज यायची ती त्या झरोक्यापाशी. त्यामुळे मला इथे जो काळ सांगायचा आहे तो मी बहुतेक कापसावर पालथी पडून काढला. खालून मायच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, बाहेरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची गाणी यायची, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं. माय कळण्याची भाकरी करायची, उडदामुळे काळपट आणि जाडजूड, आणि तिच्याबरोबर डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी असली की जेवायला बोलवावं लागायचं नाही. एरवी मात्र ती खालून तीन-तीनदा ओरडायची, आणि मी वरून "उनी, उनी", आले आले, म्हणत तिथेच पडून राहायची.

गाव आमचं शहाद्याकडचं, कळसाडीच्या पुढचं. घरात आबा, माय, मी आणि माझा मोठा भाऊ, दादा. पण ज्या काळाबद्दल लिहिते आहे त्या काळात दादा घरात नव्हता आणि त्याचं नावही नव्हतं. तो नवापूरला एका पोल्ट्रीवर सुपरवायझर होता. तिथेच त्याला एस्तर भेटली, सरहद्दीवरच्या डोंगरातून नवापुरात येऊन राहिलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी. त्याने घरी विचारलं, आबा नाही म्हणाले, आणि त्याने लग्न केलं. इथपर्यंत सगळं कुठेही घडतं तसंच. पण मग आमच्या भाऊबंदांनी एक जीप भरून नवापूर गाठलं आणि एस्तरच्या आईवडिलांच्या दारात नको ते बोलून आले. आबा त्या जीपमध्ये नव्हते. पण जीप आमच्याच दारातून निघाली आणि आबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यानंतर दादाने नंबर बदलला, नवापूर सोडलं आणि दोघं सुरतेला गेली. सुरतेत कुठे, हे नवापूरची, एस्तरच्या घरची माणसं सांगेनात. त्यांचं काय चुकलं? आबांनी घरात एवढंच सांगितलं की त्याचा विषय नको. माझे आबा तसे रागीट नव्हते. बैलाला चाबूक न लावणारा माणूस. पण एकदा तोंड मिटलं की ते त्यांना स्वतःलाही उघडता यायचं नाही. त्यांचं दुखणं ते हेच होतं असं मला आता वाटतं.

दादाचा जुना मोबाईल घरातच राहिला होता. काच तडकलेली, पण चालायचा. त्यात एक शेतीचा खेळ होता. नाव इंग्रजी होतं, आमच्या घरात त्याला 'शेतीवाला गेम' एवढंच म्हणत. प्रत्येकाला नदीकाठी एक शेत मिळायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, राखायचं. जगभरातले लोक खेळायचे, पण माझ्या शेताच्या आजूबाजूची शेतं बहुतेक आपल्याकडच्यांचीच होती. पीक आलं की ते होडीत घालून पलीकडच्या बाजाराला न्यायचं, आणि त्या खेळाची सगळी गंमत त्या होडीत होती. होडीला आठ वल्ही, आठ माणसं बसल्याशिवाय ती किनारा सोडायची नाही. वल्हवताना गप्पा मारता यायच्या. लोक पिकासाठी कमी आणि गप्पांसाठी जास्त यायचे. दादा घरी असताना मी त्याच्या मांडीशी बसून हे बघायची, नंतर त्याच मोबाईलवर माझं खातं काढून दिलं होतं त्याने. एका संध्याकाळी मी सहज खेळ उघडला तर शेजारच्या शेतातला, दादाच्या शेतातला, कंदील लागलेला, म्हणजे मालक खेळात आलेला. थोड्या वेळाने पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आमची अहिराणी उमटली. "पुने, तू शे का?" पुने म्हणजे मी.

मी कापसावरून घसरत खाली आले आणि पुन्हा वर चढले. मायला सांगावं की नाही, कळेना. शेवटी हळूच सांगितलं. ती पिठाच्या हातांनी वर चढली, आयुष्यात पहिल्यांदा त्या ढिगावर, आणि म्हणाली, "त्याले इचार, जेवना का?" तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही होडीत भेटू लागलो. दादा एका कापड गिरणीत लागला होता. एस्तर बरी होती. तो नंबर देत नव्हता आणि मीही मागितला नाही, कारण पुन्हा एखादी जीप निघाली तर काय, ही भीती त्याच्याइतकीच मलाही होती.

आबांना हे किती दिवस माहीत नव्हतं, देव जाणे. मला वाटतं त्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं. एका रविवारी भर दुपारी ते कापूस चाचपायच्या निमित्ताने खोलीत आले आणि खालूनच म्हणाले, "काय करी ऱ्हायना?"

"कोन, आबा?"

"जो शे तो."

"पानी दी ऱ्हायना. मिरचीले."

आबांनी मूठभर कापूस दाबून पाहिला. मग म्हणाले, "भर उन्हामा मिरचीले पानी देतस का? मुळ्या शिजी जातीन. सांग त्याले."

मी लिहिलं. पलीकडून दादाने विचारलं, "हाई तुले कोनी सांगं?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच. तो म्हणाला, "तू ते शेतमा फक्त बोरं खावाले जायेस." पण दुसऱ्या दिवसापासून त्याने मिरचीला सकाळी पाणी द्यायला सुरुवात केली. त्या खेळात ऊन असो की सावली, काही फरक पडत नव्हता हो! त्याला ते माहीत होतं. पुढे पुढे आबा शिडी लावून वर येऊ लागले. झरोक्यापाशी बसायचे, चष्मा कपाळावर, आणि दादाच्या शेताकडे बघत मला हुकूम सोडायचे. दादाशी बोला म्हटलं की खाली उतरायचे. असं ते वर्ष गेलं, तो कापूस गेला, दुसरा आला. आमच्या घरातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष होतं असं मी म्हटलं तर लोक हसतील. हसू देत.

मग होडी भरेनाशी झाली. खेळ कसा मरतो हे मी तेव्हा रोज डोळ्यांनी पाहत होते, पण मरतो आहे हे कळत नव्हतं. आधी सातजण असायचे आणि आठव्याची वाट बघावी लागायची. वाट बघून बघून एखादा कंटाळायचा आणि निघून जायचा, मग सहा. तो दुसऱ्या दिवशी येताना दहादा विचार करायचा. तेवढ्यात कंपनीने सोन्याची वल्ही विकायला काढली. ती घेतलेले पुढे निघून जायचे, बाजार उचलायचे, आणि आमची होडी पोचेपर्यंत तिथे काही उरायचं नाही. त्या वैतागाने आणखी बरेच गेले. कंपनीच्याही लक्षात आलं असावं, कारण मग रिकाम्या जागांवर यंत्राची माणसं बसू लागली. ती न चुकता वल्हवायची, अधूनमधून हात हलवायची, आणि चकार शब्द बोलायची नाहीत. होडी भरायची, पण आठातले पाच मुके असले तर बसायचं कशाला? मधेच खेळाची नवी आवृत्ती आली, ती आमच्याकडच्या बहुतेक स्वस्तातल्या मोबाईलांत मावेना; मी बाकी सगळं पुसून कशीबशी बसवली. गावातली तिघं-चौघं पोरं खेळायची तीही बंदुकांच्या दुसऱ्या खेळाकडे वळली. आबा वरून बघायचे आणि म्हणायचे, "आठवडे बाजारमा गिऱ्हाईक नही म्हनीसन दुकानदार येस नही, आनि दुकानदार नही म्हनीसन गिऱ्हाईक येस नही." माणसं माणसांसाठी येतात हे त्यांना त्या कंपनीपेक्षा आधी कळलं होतं. आज माझ्या नातवंडांचे खेळ असेच येतात आणि जातात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं तिथे कोणी राहत नसेल.

एका संध्याकाळी खेळ उघडला तर पडद्यावर मोठी पाटी. इतके दिवस साथ दिल्याबद्दल आभार, खेळणाऱ्यांची संख्या घटल्यामुळे महिनाअखेर खेळ कायमचा बंद होत आहे. खाली हसरा चेहरा काढला होता. मला आठवतं, त्या चेहऱ्याचा मला फार राग आला. दादाला विचारलं, आता कसं? मग त्याने लिहिलं, "मी नंबर दिसू. पन आबानी सोता मांगाले जोयजे. एक डाव म्हना, योगेश, तुन्हा नंबर दे. बस. माले आखो काही नको."

मी हे आबांना वाचून दाखवलं. माय शिडीच्या तळाशी उभी होती. आबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, ते शब्द पुन्हा पाहिले, मोबाईल हातात धरला. त्यांचा अंगठा पडद्यावर टेकेपर्यंत खाली आला. मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "हाऊ गेम बंद कसाले व्हस? मानसं नहीत म्हनीसन ना? मानसं मी देस."

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. त्याच्या दोनेक वर्षं आधी आमच्या गावची मुक्कामी एसटी बंद होणार होती, प्रवासी नाहीत म्हणून. आबांनी गावात फिरून माणसं गाडीत बसवली. कामं असोत-नसोत, रोज सकाळी गावातल्या म्हाताऱ्या शहाद्याला जायच्या, स्टँडवर चहा प्यायच्या आणि परत यायच्या. एकीने तर शेळीचंही तिकीट काढलं होतं. गाडी भरलेली दिसली, आणि एसटी राहिली. आमच्याकडे एखादी गोष्ट वाचवायची म्हणजे ती भरून दाखवायची, हीच रीत. तर आबांनी तेच केलं. ज्यांच्या घरी मोठ्या पडद्याचा मोबाईल आहे अशा घराघरांत ते गेले. ग्रामपंचायतीसमोर फुकटचं वायफाय मिळायचं, तिथे पाराभोवती माणसं बसवली. पोरं, पोरी, दोन सासवा, किराणावाला, पिठाच्या गिरणीवाला. मी एकेकाचं खातं काढून देत होते, आबा मागे हात बांधून फिरत होते. "होडीमा बठा. उतरू नका." गिरणीवाल्याला वल्हं कसं मारायचं ते समजेना, तर आबांनी त्याला पारावर बसल्या बसल्या हात करून दाखवलं. किती हसलो आम्ही त्या दिवशी! होड्यांवर होड्या भरून सुटत होत्या. दादाने विचारलं, "हाई काय चालू शे? इतला मानसं कोठून उनात?" मी लिहिलं, "आबानी आनात." त्याने लिहिलं, "मानसं कसाले? नंबर मांगा म्हनो." ते मी आबांना वाचून दाखवलं नाही असं नाही. दाखवलं. ते म्हणाले, "पहिले गेम ते वाचू दे."

घरी माय चुलीपुढे बसून होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि आबांकडे न बघता म्हणाली, "सारं गाव गोळा करं तुम्ही. पन पोऱ्याले एक शबद बोलाले तोंड उघडस नही तुमनं." आबा हात धुऊन तसेच ताटावर बसले आणि ठेचा वाढ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळी खाती बंद. एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी, एकाच वायफायवरून एवढे लोक आले, तेव्हा ती खोटी असणार, असं कंपनीच्या यंत्राने ठरवलं होतं. खोट्या माणसांना हुडकून काढायची सोय त्यांनी केलेली होती, आणि स्वतःची मुकी माणसं मात्र तशीच बसवलेली! गिरणीवाल्याच्या खात्याबरोबर माझंही गेलं, कारण मीही त्याच पारावर बसून तेच वायफाय वापरत होते. त्या दिवशी पारावर वापरलेल्या मोबाईलांवर नवं खातंही निघेना, म्हणून मी कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. मी विनवण्या केल्या, माझा भाऊ आत आहे असंसुद्धा लिहिलं. पलीकडे वाचणारं कोणी नव्हतंच. मी कापसावर बसून ढसाढसा रडले, आणि आबा शिडीवर अर्ध्यात उभे होते, ना वर येत होते ना खाली जात होते. नवापूरला जाऊन निरोप ठेवावा म्हणून मी मायला घेऊन गेले. एस्तरच्या आईने पाणी दिलं, बसायला दिलं, आणि आम्हाला काही माहीत नाही एवढंच सांगितलं. त्या बाईच्या डोळ्यांत अजून ती जीप होती.

शेवटच्या दिवशी कोरीट गावचा माझा मामा आला. त्याच्याकडे नवा मोबाईल होता, स्वतःचं नेट होतं. मी तो जवळजवळ हिसकावून घेतला. कंपनीच्या देशातली मध्यरात्र म्हणजे आपली दुपार, तेव्हा जेवणं व्हायच्या वेळी खेळ बंद होणार होता. मी नवं खातं काढलं. आबा या वेळी न बोलावता वर आले, मागोमाग मायही आली. आबा म्हणाले, "लिही. नंबर दे म्हन. मी सांगी ऱ्हायनू म्हन." मग थांबून म्हणाले, "नको. दे इकडे. मी लिखस." त्यांनी अंगठा पुढे केला. पण लिहायची जागाच उघडेना. नव्या माणसाला स्वतःचं नाव लावता येत नव्हतं आणि लिहिताही येत नव्हतं. आधी काही पिकं काढायची, होड्या न्यायच्या, मग बोलायची परवानगी. खोटी माणसं शिवीगाळ करतात म्हणून केलेला नियम. आमच्या डोक्यावर नाव होतं 'पाहुणा' आणि पुढे लांबलचक आकडा. टाळ्या वाजवता येत होत्या, नाचता येत होतं आणि हात हलवता येत होता.

दादाचा कंदील लागलेला होता. तो त्याच्या शेताच्या कडेला उभा होता, आमच्या बंद शेताकडे तोंड करून. मी पाहुण्याला चालवत त्याच्यापाशी नेलं. हात हलवला. दादाने काही केलं नाही. यंत्राची माणसंही हातच हलवायची. मी पुन्हा हलवला. माय म्हणत होती, "तोंड दखाड ना त्याले, तोंड दखाड," आणि मला तिला समजावता येईना की इथे तोंड सगळ्यांना सारखंच असतं. आबांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. दादाच्या शेतात कापूस फुटून उभा होता. त्याने तो वेचला नव्हता, शेवटचा दिवस म्हणून सोडून दिला असेल. आबा म्हणाले, "पिकेल शे आनि तसाच उभा शे." आणि ते वेचू लागले. एका बोटाने, हळूहळू, एकेक बोंड. खेळात शेजाऱ्याचं पिकलेलं वेचता यायचं. चोऱ्याही तशाच व्हायच्या, आणि शेवटच्या दिवसांत तर फारच. मी म्हटलं, आबा, नका. त्यांनी ऐकलं नाही. त्यांना वाटलं, असं न सांगता दुसऱ्याच्या शेतात कामाला लागणारा माणूस एकच असतो, पोरगा ओळखेल.

पडद्यावर पट्टी आली. शेताच्या मालकाने तुम्हाला बाहेर काढलं आहे.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. मामाने वाचून सांगितलं. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो आणि फाटक लागलं होतं. थोड्या वेळाने नदी, शेतं, कंदील सगळं करडं झालं आणि सर्व्हरशी संपर्क तुटल्याची पाटी आली. आबांनी मोबाईल मामाला परत दिला. मी म्हटलं, "आबा, त्याले काय माहीत? त्यानी वळखं नही तुमले." आबा शिडी उतरता उतरता म्हणाले, "बापले वळखाले नाव लागस का?"

त्यानंतर ते कधी त्या खोलीत वर चढले नाहीत. मी किती वेळा समजावलं असेल, त्याने चोर समजून काढलं, तुम्हाला नाही काढलं. ते मान हलवायचे, पण त्यांच्या मनाने घेतलं होतं ते घेतलंच. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हा नवापूरच्या लोकांनी निरोप पोचवला, आणि दशक्रियेला दादा आला. एस्तर होती, कडेवर मुलगी होती. भाऊबंदांपैकी कोणी एक शब्द काढला नाही. काढायला आता उरलं काय होतं?

संध्याकाळी ओसरीवर दादा माझ्याशेजारी बसला. "शेवटला दिन तू का नही उनीस, पुने? मी सक्कायपासून वाट दखी ऱ्हायंतू." मी त्याला खाती बंद झाल्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हसला. "माले वाटनं आबानी तुन्हा मोबाईल काढी लिन्हा. कोनीच नही उनं. एक चोर तेवढा उन्हता, मन्हा कापूस येची ऱ्हायंता. हाकली दिन्हा त्याले." दारात माय उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, "जेवाले बठा." आम्ही जेवायला बसलो.

मायने ते शेवटपर्यंत त्याला सांगितलं नाही आणि माझ्याही तोंडून निघालं नाही. बापाच्या दहाव्याला आलेल्या पोराला ते कसं सांगायचं, आणि तेव्हा नाही तर नंतर कधी? दादा आता थकला आहे, पण चष्मा लावून रोज वाचतो, हेही वाचेल. दादा, शेजाऱ्याचा कापूस वेचला की खेळ विचारायचा, कुणाच्या कोठारात टाकू? चोर स्वतःच्या कोठारावर बोट ठेवायचे. आबांनी मला विचारलं होतं, योगेशचं कोणतं, आणि मी दाखवलं. तू हाकलेपर्यंत प्रत्येक बोंड त्यांनी तुझ्याच कोठारात टाकलं.